एमान्ता बसायची तो दगड

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या वहीत फाटकी छत्री बोलते, बंद पडलेलं घड्याळ बोलतं, तोडलेलं झाड बोलतं. सगळे आपापलं दुःख सांगतात आणि शेवटी हात जोडून सगळ्यांना माफ करून टाकतात. मी त्यांच्यातला नाही. मी दूर उत्तरेकडच्या थंड देशातल्या सायमा नावाच्या तळ्यातला दगड आहे. म्हातारा आहे, जागचा हलत नाही, आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तक्रार नको.

माझा जन्म कधीचा ते मला ठाऊक नाही. इतकंच आठवतं, की डोंगराएवढं बर्फ उत्तरेकडून सरकत आलं, त्यानं मला एका कड्यापासून तोडलं, फरफटत आणलं आणि वितळता वितळता कुइक्का बेटाच्या टोकाशी टाकून दिलं. वाटेत माझे सगळे कोपरे झिजले. पाठ रुंद आणि गुळगुळीत झाली. बर्फ गेलं, समुद्र मागे हटला, आणि समुद्रातले काही सील या तळ्यात कोंडले गेले. परतीची वाट बुजली. तेव्हापासून ते गोड्या पाण्यात राहतात. तेही अडकलेले, मीही अडकलेला. म्हणून ते माझे.

मे महिन्यात त्यांच्या अंगावरचे जुने केस गळतात आणि नवे येतात. तेव्हा त्यांना तासन्‌तास उन्हात पडून राहावं लागतं. त्यासाठी त्यांनी माझी पाठ निवडली. किती पिढ्या माझ्यावर लोळल्या, जांभया दिल्या, एकमेकींना ढकलून पाण्यात पाडलं! जड, ओलं, गरम अंग पाठीवर पडलं की दगडालासुद्धा बरं वाटतं.

मग माणसांनी ठरवलं, की सील हा माशांचा चोर आहे. मेलेल्या सीलचा खालचा जबडा नेऊन दाखवला की बक्षीस मिळायचं. ज्याची पुढे गोष्ट येणार आहे त्या ताह्वोचे आजोबा माझ्याच पाठीवर बसून जबडे कापायचे आणि सुरी माझ्यावरच घासून धार लावायचे. पुढे बक्षीस बंद झालं, मारायला बंदी आली. लोक म्हणाले, झालं गेलं विसरा. विसरायला काय जातं? जबडा त्यांचा थोडाच होता! नंतर वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी तळ्यात उतरलं आणि कित्येक माद्यांची पिल्लं पोटातच गेली. एके काळी माझ्या पाठीवर जागेसाठी भांडणं व्हायची. शेवटी शेवटी एकच यायची.

तिचं नाव गावानं ठेवलं होतं, एमान्ता. म्हणजे घरधनीण. पाठीवर फिकट कड्यांची नक्षी, त्यातलं एक कडं मानेजवळ तुटलेलं. त्यावरून ती शंभरात ओळखू यायची. ती माझ्यावर चढायची ती मालकिणीसारखी. शेपूट वर, डोकं वर, मध्ये पोट टेकलेलं. ज्या साली मे महिन्यात पाणी चढलेलं असे, त्या साली माझ्या माथ्यावर वीतभर पाणी राहायचं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सील पाण्यावर तरंगत झोपली आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बेट आणि किनारा यांच्यामधलं हे पाणी अरुंद आहे आणि होड्यांची वाट माझ्या अंगावरूनच जाते. पूर्वी लोक माझ्यावर खूण म्हणून लाकडी खांब उभा करायचे. दर हिवाळ्यात बर्फ तो काडीसारखा मोडायचं. मग लोक कंटाळले. ‘एमान्ता आहे की,’ म्हणाले. नव्या माणसाला वाट सांगताना सांगायचे, ‘सील तरंगताना दिसेल. ती तरंगत नाही, तिच्याखाली दगड आहे. तिला उजवीकडे टाकून पुढे जा.’ सगळं गाव एका सीलच्या भरवशावर होडी हाकत होतं. त्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं.

ताह्वोलाही नाही. साठीचा माणूस. चाळीस वर्षं याच पाण्यात मासेमारी केलेली. त्याच्या थोरल्या भावाची, आल्पोची, बायको म्हणजे हिल्का. आल्पो वारला. हिल्कानं शाळेच्या स्वैपाकघरात आयुष्य काढलं आणि म्हातारपणी सीलच्या मागे लागली. कुठली मादी कुठे दिसली, पिल्लू झालं का, जगलं का, सगळं वहीत लिहून ठेवायची.

तीन हिवाळ्यांपूर्वी बर्फ पडलं नाही म्हटलं तरी चालेल. तळं गोठलं, पण वर चार बोटं भुगा. सीलची मादी बर्फाच्या ढिगात बाळंत होते. खालून, पाण्यातून, ती ढिगात पोकळी कोरते आणि तिथे पिल्लाला पाजते. ढीगच नसला तर पिल्लू उघड्यावर. मग कोल्हा आहे, कावळा आहे, गारठा आहे. म्हणून शहरातून काही माणसं फावडी घेऊन आली आणि तळ्यावरचं सगळं बर्फ ढकलून ढकलून किनाऱ्याला ढीग करायला लागली. कुइक्का बेटाची बाजू हिल्कानं कुणाला दिली नाही. एकाहत्तर वर्षांची बाई, चार दिवस एकटी फावडं ढकलत होती. तो खरखराट मला खाली ऐकू यायचा.

चौथ्या दिवशी ताह्वो बर्फावरून आला. मासे धरायला भोकं पाडून ठेवली होती, ती बघायला.

“काय गं हिल्का, घर बांधतेयस?”

“हो.”

“भाडं किती घेणार?”

“तुला परवडणार नाही.”

“माझ्या गोठ्याचं छप्पर तीन वर्षं गळतंय. आल्पो असता तर आधी भावाचं छप्पर केलं असतं.”

“आल्पो असता तर तुला शिडीवर चढवून स्वतः खाली चुका काढत उभा राहिला असता.”

ताह्वो हसला. तो हसला की त्याच्याबद्दल वाईट मत करून घेणं जड जातं. गावानं याच हसण्यापायी त्याचं पुष्कळ काही पोटात घातलं आहे.

“आमचे मासे तिनं खायचे आणि तू तिला वर बंगला बांधून द्यायचा,” तो म्हणाला.

“ती खाते ते बोटाएवढे मासे, ताह्वो. तुझ्या जाळ्यात ते टिकतसुद्धा नाहीत. बरं, बोलताना बर्फ ढकलता येतं. ते दुसरं फावडं घे.”

त्यानं फावडं घेतलं. खोटं कशाला सांगू? तासभर ढकललं. त्याच ढिगात फेब्रुवारीच्या शेवटी एमान्ताला पिल्लू झालं.

एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत इथे जाळं टाकायला बंदी असते, कारण तेव्हा पिल्लं पोहायला शिकतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ताह्वोलाही माहीत होतं. पण त्याच्या बापानं जाळं टाकलं, आजानं टाकलं, तेव्हा हे पाणी आमचं, कायदा शहरातल्या लोकांचा, असं तो म्हणायचा. वर तरंगता बोया ठेवायचा नाही, म्हणजे लांबून काही दिसत नाही. जाळं जाड दोऱ्याचं, मोठ्या माशासाठी.

त्या साली पाणी चढलेलं होतं. मे महिन्यातल्या एका बुधवारी पहाटे एमान्ता माझ्या पाठीवरून भुकेली उतरली आणि त्या जाळ्यात गेली. मित्रांनो, सील हवा घेऊन जगतो. जाळ्यात अडकला की तो बुडून मरतो. मी तिचं ओढणं पाण्यातून ऐकलं. किती वेळ ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

सकाळी ताह्वोनं जाळं वर ओढलं. ती होडीच्या काठाशी आली तेव्हा तो फळीवर बसला, टोपी काढली, डोकं खाजवलं.

“तुला आजच मरायचं होतं?” तो तिला म्हणाला.

मग इकडे तिकडे बघितलं, एका जुन्या इंजिनाचं लोखंडी चाक तिच्या मागच्या अंगाला बांधलं आणि तिला सोडून दिलं. ती खोल गेली. मला वाटलं, आता तरी हा थांबेल. त्यानं जाळं गुंडाळलं आणि तिथून नेऊन दुसरीकडे टाकलं. कुठे, ते मला कळलं नाही. बेटाच्या पलीकडचं मला काही ऐकू येत नाही.

गुरुवारी पिल्लू एकटंच आलं. माझ्यावर चढायला बघत होतं. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा चढलं आणि आई बसायची तिथे नाक लावून बसून राहिलं. हिल्का दुर्बीण लावून बघत होती. शुक्रवारी तिनं ताह्वोला पाण्यावरच गाठलं.

“एमान्ता दिसली का रे?”

“गेली असेल दुसरीकडे. बायकांचं काय सांगावं?”

“पिल्लाला टाकून?”

“माणसं टाकतात की.”

हिल्का त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं इंजिन सुरू केलं.

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. ताह्वो जाळं काढायला निघाला होता. मी काहीच केलं नाही. तसूभरही हललो नाही. मी होतो तिथेच होतो. चाळीस वर्षं त्याचे डोळे या पाण्यात एकच गोष्ट शोधत आले होते. धुक्यातून काळं अंग दिसलं, की सुकाणू वळवायचं. काळं अंग दिसलं नाही, म्हणजे दगड अजून पुढे आहे. त्याच्या हातांनी तिला बुडवलं होतं, पण त्याच्या डोळ्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. तो बिनघोर माझ्यावर आला.

होडीच्या पुढच्या टोकाखालची फळी फुटली तो आवाज मला आवडला. इंजिनाचा पंखा माझ्या पाठीवर घासला आणि वाकला, तोही आवडला. होडी भरली, मागे घसरली आणि खोलात गेली. ताह्वोनं माझ्यावर उडी मारली. त्याच्या पोटरीपर्यंत पाणी, तीन आठवड्यांपूर्वी बर्फ असलेलं. फोन होडीबरोबर गेला. तो ओरडायला लागला. ओरड, म्हटलं. तिलाही ओरडायचं होतं.

थोड्या वेळानं धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. हिल्का रोजच्यासारखी पिल्लाला बघायला निघाली होती.

“देवासारखी आलीस. हात दे, हिल्का.”

तिनं दोन होड्यांच्या अंतरावर वल्ही थांबवली. “दगडावर काय करतोयस?”

“थट्टा करू नकोस. पाय बधिर झालेत.”

“एमान्ताच्या जागेवर उभा आहेस तू.”

त्याच्या होडीतून सुटलेल्या वस्तू पाण्यावर फिरत होत्या. हातमोजा, पाणी उपसायचा डबा, आणि एक मोठा प्लास्टिकचा खोका. हिल्कानं वल्ह्यानं तो खोका जवळ ओढला, आत बघितलं.

“जाळ्याचा खोका रिकामा आहे, ताह्वो.”

“मासे भरायला आणला होता.”

“गळ कुठे आहे मग?”

“बुडाला.”

“आणि जाळं? जाळं खोक्यात नाही, म्हणजे पाण्यात आहे. कुठे टाकलंयस?”

“कसलं जाळं? बंदी आहे, मला कळत नाही का?”

“बरं,” हिल्का म्हणाली. तिनं वल्ही आत घेतली, थर्मास काढला आणि कॉफी ओतली. काळ्या पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मला इतका आनंद गेल्या शंभर वर्षांत झाला नव्हता.

“हे काय चाललंय तुझं?”

“न्याहारी.”

“अगं, मी मरेन इथे.”

“नाही मरणार. तुझा भाऊ याहून गार पाण्यात उभा राहायचा. आणि मेलास तर मी सांगेन, धुकं होतं, दिसला नाहीस. तुझ्याकडूनच शिकले, कसं सांगायचं ते.”

“माणसापेक्षा सील मोठा झाला तुला?”

“माणूस मला दिसतोय. उभा आहे, बोलतोय, खोटं बोलतोय. सील दिसत नाही. पिल्लूही सकाळपासून दिसलेलं नाही. म्हणून विचारते, जाळं कुठे आहे?”

“आज शनिवार आहे, हिल्का. सौना तापत घालून आलोय घरी, वाफ तयार असेल. मला हात दे, दोघं जाऊ, तिथे बसून काय विचारायचं ते विचार.”

“सौना निवेल. जाळं कुठे आहे?”

असं चाललं. तो आल्पोची शपथ घालायचा, मग शिव्या द्यायचा, मग पुन्हा शपथ. तिनं दुसरी कॉफी ओतली. तिला ठाऊक होतं, की एकदा ओढून होडीत घेतला की तो हसेल, आणि हसला की काही सांगणार नाही. त्याचे गुडघे थडथड उडत होते ते मला तळव्यांतून कळत होतं. माझी पाठ एका अंगाला उतरती आहे आणि तिथे शेवाळ आहे. त्याचा डावा पाय त्या बाजूला सरकत होता. सरक, म्हटलं, अजून थोडा सरक.

शेवटी तो म्हणाला, “कोर्पी खाडीत. काळ्या कड्याखाली. तीन जाळी, एकापुढे एक.”

“आणि एमान्ता?”

“इथेच. खाली. इंजिनाचं चाक बांधून.”

हिल्कानं कपातली कॉफी पाण्यात फेकली. अंगावरचं तरंगतं जाकीट काढून त्याच्या अंगावर टाकलं.

“घाल. पडलास तर वर राहशील.”

“मला घेऊन जा ना.”

“तुझं ओझं घेऊन वेळेत पोचणार नाही.”

ती गेली. मी आणि तो, दोघंच उरलो. तो रडला नाही. सारखं एकच वाक्य पुटपुटत होता, की पिल्लू तिकडे जातच नाही, तिकडे पाणी खोल आहे, पिल्लू तिकडे जातच नाही. धुकं विरलं, ऊन पडलं. तो पडला नाही. माझी इच्छा होती, पण दगडाच्या इच्छेनं कुणी पडत नाही.

हिल्का परत आली तेव्हा होडीत तीन जाळ्यांचा ढीग होता आणि ढिगावर पिल्लू. जाळं तिनं सुरीनं कापलं होतं. तिच्या हातांना रक्त लागलं होतं, ते तिचं स्वतःचं. ती होडी घेऊन माझ्याजवळ आली.

“हात लाव,” ती म्हणाली.

“नको.”

“लाव, ताह्वो.”

त्यानं वाकून पिल्लाच्या पोटावर तळवा ठेवला आणि तसाच राहिला.

“अजून गरम आहे,” तो म्हणाला.

“हो.”

मग हिल्का म्हणाली, “मी कॉफी पीत बसले.”

मित्रांनो, इथे मी गप्प बसू शकलो असतो. तिनं दोनदा कॉफी ओतली. तो अर्धा तास खोटं बोलला. आणि मी त्या दोघांचं बोलणं चवीनं ऐकत होतो, त्याच्या पायाखालचं शेवाळ मोजत होतो. अंग अजून गरम होतं, म्हणजे त्याच अर्ध्या तासात कधीतरी कड्याखाली पिल्लू जाळ्यात शिरलं आणि बुडालं. आधी हात दिला असता तर त्यानं आधी सांगितलं असतं का? मला नाही वाटत. पण मला ठाऊकही नाही, आणि हिल्कालाही नाही. ती त्या दिवसानंतर न्याहारी होडीत नेत नाही. माझा राग यानं कमी झाला असं समजू नका. तो आता दोघांवर आहे, आणि तिसरा मी.

तिनं त्याला होडीत घेतलं. पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवलं. धक्क्यावर शनिवारचं अख्खं गाव जमलं होतं. त्याला तसाच, मांडीवर पिल्लू घेऊन, चालत वर जावं लागलं, असं मागाहून जाणाऱ्या होड्यांतून ऐकलं. पाणबुडे आले, एमान्ताला वर काढून घेऊन गेले. खटला झाला, शिक्षा झाली. आता तो हसतो तेव्हा पूर्वीसारखं कुणी त्याच्याबरोबर हसत नाही.

पुढच्या वसंतात तो भावाच्या जुन्या होडीतून माझ्याकडे आला. बरोबर लोखंडी खांब आणि भोक पाडायचं यंत्र. या पाण्यात मासेमारीचा हक्क असलेल्या हिस्सेदारांच्या सभेनं ठरवलं होतं, की दगडावर पक्की खूण बसवायची, आणि काम त्यानं मागून घेतलं होतं. यंत्र माझ्या पाठीला लावणार, तेवढ्यात हिल्का वल्हवत आली.

“भोक पाडू नकोस.”

“सभेनं ठरवलंय.”

“सभेला सांग, हिल्का आडवी आली.”

“उद्या कुणीतरी मरेल इथे.”

“सावकाश गेलं तर कुणी मरत नाही. घाई कुणाला असते या दिवसांत? ज्याला चोरून जाळं टाकायचंय त्याला.” तिनं माझ्या पाठीवर वल्हं टेकवलं. “खूण होती इथे. दर मे महिन्यात आपल्या पायानं यायची. ती तुम्हांला सांभाळता आली नाही, आता लोखंड ठोकताय?”

ताह्वोनं यंत्र खाली ठेवलं. खांब होडीतच आडवा पडून राहिला. “मग काय करू?” त्यानं विचारलं. थट्टा नव्हती.

“हिवाळ्यात फावडं घेऊन ये. मी आता एकटीनं ढकलू शकत नाही.”

तो दोन हिवाळे येतो आहे. ढीग बांधतो, चांगले बांधतो. पलीकडच्या किनाऱ्याला एका मादीनं त्यात पिल्लू घातलं म्हणतात. माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही. मे महिन्यात या पाण्यातून जायची वेळ आली की ताह्वो इंजिन बंद करतो, उभा राहतो आणि वल्हं पाण्यात बुडवून मला चाचपत पुढे सरकतो. त्याच्या कपाळावर घाम असतो. मी तसूभर वर येत नाही. चाचप, म्हणतो.

माझ्यावर खूण नको, मित्रांनो. मला फुलं नकोत, पाटी नको, तुमची हळहळ तर मुळीच नको. बंदीच्या दिवसांत जाळं पाण्याबाहेर ठेवा. बर्फ पडलं नाही तर फावडी घेऊन या. एखादी तरणी मादी माझ्या पाठीवर चढून पोट टेकून पडेपर्यंत हे करत राहा. तोवर मी तुम्हांला मित्रांनो म्हणतो ते फक्त रीत म्हणून.